चालण्याची अर्धी चिठ्ठी

प्रति,
‘रोज चाला’ असं सांगणाऱ्या समस्त डॉक्टर मंडळींस,



माझ्याकडे एक निळी फाइल आहे. गेल्या अकरा वर्षांतल्या माझ्या सगळ्या चिठ्ठ्या तिच्यात तारीखवार लावलेल्या आहेत. या काळात तीन डॉक्टर बदलले, गोळ्यांची नावं, रंग आणि किमती बदलल्या. बदलली नाही ती एकच ओळ, चिठ्ठीच्या तळाची: ‘रोज ४५ मिनिटे चालणे’. एका डॉक्टरांनी तर तिच्याखाली दोन रेघा मारल्या आहेत. वरच्या प्रत्येक गोळीपुढे ती किती मिलिग्रॅमची, सकाळी की रात्री, जेवणाआधी की नंतर, किती दिवस, सगळं लिहिलेलं आहे. चालण्यापुढे काहीच नाही. या रिकाम्या जागेबद्दलच हे पत्र आहे.

मी ठाण्यात राहते. बत्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, आता निवृत्त आहे. वय चौसष्ट. बीपी आणि शुगर दोन्ही मुक्कामाला आलेले पाहुणे. जातील असं वाटत नाही, म्हणून सांभाळून घेते. चालायला तलावपाळीवर जाते. चालण्याचा मला कंटाळा नाही, उलट गोडी आहे. तेव्हा हे पत्र आळशी पेशंटची पळवाट समजू नये.

गेल्या वर्षी मे महिना संपत आला होता. आठवड्यापूर्वीच माझी बीपीची गोळी बदलली होती. नव्या गोळीत लघवीचं औषध एकत्र होतं, हे मला नंतर पाकिटावर वाचून कळलं. घरातलं पाणी, डबे आटोपून निघायला साडेसात झाले. आभाळात मळभ होतं. ऊन नाही तर बरंच झालं, असं म्हणून मी नेहमीचा वेग धरला. झाडाचं पान हलत नव्हतं. तिसऱ्या फेरीला पाठीवरून घामाच्या धारा लागल्या, कान गच्च झाले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. कठड्याशी बसणाऱ्या फुलवाल्या मावशींनी मला धरून खाली बसवलं, फुलांवर शिंपडायचं पाणी मानेवर, हातांवर ओतलं आणि पुठ्ठ्याने वारा घातला. म्हणाल्या, “ताई, आज मोगरासुद्धा तासाभरात पिवळा पडतोय. तुम्ही कशाला पळताय?”

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेले. “पाणी कमी पडलं असेल. भरपूर पाणी प्या. चालणं मात्र सोडू नका,” असं सांगून डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं. त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही. बाहेर वीस माणसं बसली होती. पण मोगऱ्याचं वाक्य मला जास्त उपयोगी पडलं, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. मावशींनी त्या दिवसाची हवा पाहिली होती.

चालणं हे औषध आहे, यावर माझा तुमच्याइतकाच विश्वास आहे. जेरी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसमधले ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना करून १९५३ साली दाखवलं, की दिवसभर बसून राहणाऱ्या ड्रायव्हरपेक्षा जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होतो. त्यानंतर याच दिशेचा पुरावा वाढतच गेला. माझं म्हणणं एवढंच, की ते कंडक्टर लंडनच्या हवेत जिने चढत होते. ठाण्याच्या मे महिन्यात तेच औषध द्यायचं, तर त्याची मात्रा, वेळ आणि पथ्य नव्याने लिहायला हवं. औषध म्हणता, तर औषधासारखं लिहा.

आता माझ्या तक्रारी क्रमाने मांडते. वह्या तपासायची सवय जात नाही, तेव्हा काही ठिकाणी लाल शाई दिसली तर राग मानू नये.

पहिली तक्रार अशी, की तुम्ही आमचं वजन बघता, नाडी बघता, हवा बघत नाही. आणि हवा म्हटली की तुम्हीही आमच्यासारखाच फक्त पारा बघता. ‘ठाण्यात चौतीसच आहे, नागपूरला चव्वेचाळीस आहे, त्यांचे हाल बघा’, हे वाक्य मी दवाखान्यातही ऐकलं आहे. भूगोलाच्या तासाला मी ओल्या आणि सुक्या फुग्याचे दोन तापमापक शेजारी टांगत असे. एकाच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळलेलं असतं. फडक्यातलं पाणी वाळताना उष्णता घेतं, म्हणून तो तापमापक कमी दाखवतो. हवा कोरडी असली तर दोघांत मोठं अंतर पडतं, दमट असली तर दोघे जवळ येतात. घामाने भिजलेली कातडी म्हणजे तो ओला फुगाच. नागपूरला ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर ओला फुगा २३च्या आसपास थांबतो. ठाण्याला ३४ अंश आणि आर्द्रता ६० टक्के असेल, तर तो २७ ते २८ दाखवतो. म्हणजे घाम वाळवून अंग गार करण्याच्या हिशेबात आमचे चौतीस नागपूरच्या चव्वेचाळिसांपेक्षा वाईट. याचा अर्थ नागपूरकर मजेत असतात असा नाही. तिथली हवाच कातडीपेक्षा तापलेली असते, अंगात उष्णता शिरते आणि शरीर सुकत जातं. दोन्हीकडे धोका आहे, फक्त वाट वेगळी आहे. मग सल्ला दोन्हीकडे एकच कसा?

घाम येणं आणि घाम वाळणं यांत फरक आहे, हेही आम्हाला कुणी सांगत नाही. एक लिटर घाम अंगावरच वाळला, तर तो जवळपास ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. भरभर चालणाऱ्या माणसाच्या अंगात तासाभरात तयार होणारी उष्णता याहून बरीच कमी असते. म्हणजे सगळा घाम वाळला तर अर्ध्या लिटरात भागावं. पण दमट हवेत तो वाळत नाही, नाकाच्या शेंड्यावरून टपकतो. टपकलेला घाम उष्णता घेऊन जात नाही, फक्त पाणी आणि मीठ घेऊन जातो. आणि आमच्या तलावपाळीवर तर घाम हीच कमाई समजतात. एक गृहस्थ मे महिन्यात गळ्यापर्यंत चेन लावलेलं विंडचीटर घालून चालतात. “चरबी वितळतेय,” म्हणतात. वितळत काही नाही. पाणी जातं, आणि घरी जाऊन दोन तांबे प्यायले की वजन परत येतं. त्यांचं ऐकून आणखी दोघांनी तसली जॅकेटं आणली. तुमच्यापैकी एकाने जरी ‘सैल, सुती, फिक्या रंगाचे कपडे’ एवढे पाच शब्द चिठ्ठीवर लिहिले असते, तर ही साथ पसरली नसती.

मंडळी म्हणतील, हवामान खातं इशारा देतंच की. देतं. पण उष्णतेच्या लाटेचे त्यांचे निकष मुख्यतः पाऱ्यावर बेतलेले आहेत. मैदानी भागात कमाल तापमान निदान ४० अंश, किनाऱ्यावर निदान ३७ अंश आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त. आमच्या घुसमटीच्या कित्येक दिवशी पारा ३४ वरच असतो, म्हणून लाट जाहीर होत नाही. आणि लाट नाही म्हणजे धोका नाही असं लोक धरून चालतात. खारघरचा १६ एप्रिल २०२३ चा दिवस तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त आठवत असेल. महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यात उघड्या मैदानावर बसलेल्यांपैकी चौदा जण गेले. त्या दिवशीही पारा चाळिशीच्या आतच होता. आणि ती माणसं चालत नव्हती, बसलेली होती.

दुसरी तक्रार वेळेची. ‘सकाळी चाला’ म्हणता, पण सकाळ म्हणजे किती वाजता? मे महिन्यात ठाण्याला सहाच्या सुमारास सूर्य उगवतो. साडेपाचची सकाळ आणि साडेसातची सकाळ या दोन वेगळ्या हवा आहेत. इथे मोबाइलवरचा आर्द्रतेचा आकडा आणखी घोटाळा करतो. पहाटे तो नव्वद टक्के दाखवतो, दुपारी साठ. माझ्या एका मैत्रिणीने यावरून पहाटेचं चालणं सोडून दुपारी चारला सुरू केलं! सापेक्ष आर्द्रता हा धडा मी बत्तीस वर्षं शिकवला आणि माझ्याच मैत्रिणीने त्यात मार खाल्ला. पहाटे २७ अंशांना नव्वद टक्के आणि दुपारी ३४ अंशांना साठ टक्के, या दोन्ही वेळी हवेतली वाफ जवळपास तेवढीच असते. दवबिंदू दोन्हीकडे पंचवीसच्या आसपास. फक्त गरम हवेची वाफ धरायची क्षमता मोठी, म्हणून टक्का लहान दिसतो. वाफ तीच आणि वर सात अंश उष्णता जास्त, म्हणजे दुपारच वाईट. टक्केवारी बघू नका, पहाट गाठा, एवढं एक वाक्य चिठ्ठीवर हवं होतं.

संध्याकाळचंही तसंच. सूर्य मावळला म्हणजे उकाडा मावळला असं नाही. दिवसभर तापलेलं डांबर आणि काँक्रीट रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतं. ज्यांना पहाट जमत नाही, त्यांनी निदान सावलीची, झाडांची, वारा लागेल अशी वाट धरावी, हेही सांगावं लागतं. आणि पहाट कुणाला जमत नाही, हे तुम्ही विचारावं अशी माझी इच्छा आहे. बाईला साडेपाचला बाहेर पडायचं तर दूध, पाणी, डबे यांचं काय करायचं हा प्रश्न आधी सुटावा लागतो. माझं साडेसातला निघणं हा आळस नव्हता.

तिसरी तक्रार मात्रेची. ४५ मिनिटं कुठून आली? दहा हजार पावलं कुठून आली, ते मला ठाऊक आहे. १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र बाजारात आलं, त्याचं नावच ‘दहा हजार पावलांचं मीटर’ अशा अर्थाचं होतं. विकायला काढलेल्या यंत्राचं नाव आमच्या गळ्यात पथ्य होऊन बसलं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेला सल्ला आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायामाचा आहे. आणि त्यात आमच्या कामाची एक गोष्ट आहे, जी मला एकाही दवाखान्यात ऐकायला मिळाली नाही. पूर्वी सलग दहा मिनिटांपेक्षा कमी चालणं हिशेबात धरत नसत. आता ती अट काढली आहे. थोडंथोडं केलेलंही धरतात. म्हणजे उकाड्यात ४५ मिनिटं एका दमात घामाने निथळत काढण्याऐवजी दहा-पंधरा मिनिटांचे तीन तुकडे केले तरी चालतं. जेवणानंतर पंधरा मिनिटं चाललं, तर वयस्कर माणसांची जेवणानंतर चढणारी साखर आटोक्यात राहते, असंही आढळलं आहे. आमच्या आजीच्या घरात याला शतपावली म्हणत. तिला चिठ्ठी लागत नव्हती.

जुन्यांचा विषय निघालाच आहे तर वाग्भटाचंही नाव घेते. ‘अष्टांगहृदया’त थंडीत आणि वसंतात अर्ध्या शक्तीइतकाच व्यायाम करावा आणि बाकीच्या ऋतूंत त्याहूनही कमी, असं सांगितलं आहे. मी आयुर्वेदाची वकिली करायला बसलेले नाही. पण तेरा-चौदाशे वर्षांपूर्वीच्या वैद्याला व्यायाम लिहिताना आधी ऋतू विचारावासा वाटला, आणि आज बारा महिने एकच ओळ लिहिली जाते, हे खटकतं. शरीर उकाड्याला सरावतं, पण त्याला एक ते दोन आठवडे लागतात. म्हणून मार्च-एप्रिलात उकाडा सुरू होताना आणि पाऊस सरल्यावर ऑक्टोबरची काहिली सुरू होताना पहिले पंधरा दिवस वेळ आणि वेग दोन्ही कमी हवेत. गावाहून, थंड हवेतून किंवा महिनाभर एसीत काढून परतलेल्यालाही हेच लागू. अमेरिकी सैन्याने १९५०च्या दशकात हवेची उष्णता, ओल आणि ऊन एकत्र मोजून कवायतीचा हिशेब बांधला. छावणीत रंगीत निशाण लावायचं, आणि काळं निशाण चढलं की मेहनतीची कवायत बंद. वीस वर्षांच्या धट्ट्याकट्ट्या शिपायाला ही सवलत आहे. चौसष्ट वर्षांच्या बाईला मात्र ‘खंड पडू देऊ नका’.

चौथी तक्रार सगळ्यात गंभीर आहे. चालणं तुम्ही त्याच चिठ्ठीवर लिहिता जिच्यावर गोळ्या लिहिता, पण दोघांची एकमेकांशी ओळख करून देत नाही. लघवीचं औषध असलेली गोळी पाणी आणि क्षार बाहेर काढते, तेच काम घाम करतो. मधुमेहाची नव्या प्रकारची काही औषधं साखर लघवीवाटे काढतात आणि सोबत पाणीही नेतात. बीटा ब्लॉकर नाडी वाढू देत नाहीत, म्हणून ‘नाडी इतकी जायला हवी’ हे माप त्या माणसाला लागूच पडत नाही. त्याच्यासाठी चालता चालता बोलता आलं पाहिजे, हीच खरी कसोटी. सर्दी-ॲलर्जीच्या काही जुन्या गोळ्या आणि मानसिक आजारांवरची काही औषधं घामच कमी करतात. इन्सुलिन उकाड्यात आणि व्यायामात लवकर शोषलं जातं, त्यामुळे साखर अचानक उतरू शकते. आणि साखर उतरल्याची लक्षणं कोणती? दरदरून घाम, थरथर, धडधड, चक्कर. उन्हाचा त्रास झाल्याची लक्षणं कोणती? बरीचशी तीच. तलावपाळीच्या कठड्यावर बसलेल्या माणसाने कसं ओळखावं, की आपल्याला साखर हवी की सावली?

यावर कुणी स्वतःच्या मनाने गोळी बंद करावी, असं मी अजिबात म्हणत नाही. ते त्याहून घातक. माझी मागणी उलट आहे. गोळी बदलताना ‘पहिले आठ-दहा दिवस चालणं निम्मं करा, उठताना-बसताना जपा’ एवढं तुम्हीच सांगा. मला हे कुणी सांगितलं असतं, तर मोगऱ्याचं पाणी माझ्या मानेवर पडलं नसतं.

पाचवी तक्रार पाण्याची. ‘भरपूर पाणी प्या’ हा सल्ला ऐकून आमच्या कट्ट्यावर चार जणांनी चार अर्थ काढले. एकाचं हृदय कमजोर आहे, त्याला पाणी मोजूनच प्यायला सांगितलेलं. दुसऱ्याला मीठ वर्ज्य, आणि तो चालून आल्यावर मीठ-साखरेचं पाणी पितो. तिसरीला शुगर, ती बाटलीतलं गोड सरबत पिते, कारण त्याच्यावर ‘एनर्जी’ लिहिलेलं आहे. चौथी मी. अर्ध्या तासाच्या साध्या चालण्याला बहुतेकांना साधं पाणी पुरतं. मीठ-साखर पाणी हे खूप घाम, जुलाब, उलटी यांसाठीचं औषध आहे, आणि त्याचंही माप आहे: एक लिटर पाण्याला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. कुणी किती प्यावं, कुणी काय टाळावं, हे माणसागणिक वेगळं आहे आणि ते फक्त तुम्हीच सांगू शकता. वय वाढलं की तहान लागण्याची जाणीव कमी होते, म्हणून ‘तहान लागली की प्या’ हेही आम्हाला पुरत नाही.

याच मुद्द्यात एक गोष्ट अशी आहे जी बायका तुम्हाला सांगणार नाहीत, म्हणून मी लिहिते. आमच्यापैकी पुष्कळ जणी चालायला निघण्याआधी मुद्दाम पाणी पीत नाहीत. कारण वाटेत जाण्यासारखं स्वच्छतागृह नाही. असलं तर कुलूप, कुलूप नसलं तर आत पाय ठेववत नाही. प्रोस्टेटचा त्रास असलेले आजोबाही हेच करतात. सकाळी लघवीची गोळी, मग कोरड्या घशाने ४५ मिनिटांचं चालणं, आणि वर दमट हवा. यातली एकही गोष्ट तुमच्या तपासणीच्या टेबलावर दिसत नाही. ‘पाणी का पीत नाही?’ असं एकदा विचारून बघा, उत्तर वैद्यकशास्त्राच्या बाहेरचं निघेल.

सहावी तक्रार: थांबायचं कधी, हे कुणीच सांगत नाही. गोळी घेतल्यावर अंगावर पुरळ आलं तर बंद करा, असं तुम्ही बजावता. चालताना पायात गोळे आले, मळमळलं, डोकं ठणकलं, चक्कर आली तर थांबा, सावलीत बसा, अंग ओलं करून वारा घ्या, हे सांगायला किती वेळ लागतो? आणि माणूस असंबद्ध बोलू लागला, तोल गेला, शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात समजा. १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत अंगावर पाणी ओता, वारा घाला, शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका. उष्माघातात शरीराचं आतलं तापमान ४० अंशांच्या पुढे गेलेलं असतं आणि एकेक मिनिट मोलाचं असतं. घाम आटला तरच उष्माघात, ही समजूतही काढून टाका. श्रमाने आलेल्या उष्माघातात माणूस घामाने भिजलेलाही असू शकतो. फुलवाल्या मावशींना हे कुठल्याही शिबिरात शिकवलेलं नव्हतं. त्यांनी केलं ते बरोबर केलं. सगळ्यांच्या नशिबी अशा मावशी नसतात.

सातवी आणि शेवटची तक्रार माझी नाही. आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंना तुमच्याच क्षेत्रातल्या कुणीतरी शुगरसाठी ‘रोज एक तास चालत जा’ म्हणून लिहून दिलं. त्या पहाटे घरून चालत निघतात, दुपारी बारा-एकच्या उन्हात एका सोसायटीतून दुसरीत जातात, लिफ्ट त्यांना वापरू देत नाहीत अशा दोन इमारतींचे जिने चढतात. चिठ्ठी दाखवून मला विचारू लागल्या, “मॅडम, हे आणखी वेगळं चालायचं का?” मला हसूही येईना. त्यांना चालणं लिहून द्यायचं नव्हतं. दुपारी सावलीत अर्धा तास बसणं लिहून द्यायचं होतं, आणि ते कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळत नाही. पेशंट काय काम करतो, किती चालतो, कुठल्या वेळी चालतो, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय ती तळाची ओळ लिहू नका, ही माझी हात जोडून विनंती आहे.

तक्रारी संपल्या. शिक्षिका असल्यामुळे नुसत्या चुका दाखवून मी वही परत करत नाही, उत्तर कसं असावं तेही लिहून देते. माझ्यासारख्या बाईसाठी चालण्याची चिठ्ठी कशी असावी, ती मी निळ्या फाइलमधल्या एका कोऱ्या कागदावर लिहून पाहिली आहे:

‘चालणे: मध्यम गतीने, बोलता येईल पण गाता येणार नाही इतपत. मात्रा: एप्रिल ते जून आणि ऑक्टोबरमध्ये पहाटे पंधरा मिनिटे, दोन्ही जेवणांनंतर घरात किंवा छपराखाली दहा-दहा मिनिटे; थंडीत सलग ४५ मिनिटे चालेल. पावसात निसरड्या वाटेऐवजी जिना किंवा पार्किंग. गोळी बदलल्यावर आठ-दहा दिवस निम्मी मात्रा. आजारपणात, तापात, जुलाबात बंद. सोबत: पाण्याची बाटली, साखरेची पुडी, गोळ्यांची यादी, मोबाइल, आणि शक्य तर एक माणूस. पाणी किती: डॉक्टर सांगतील तेवढे. वारा पडलेल्या, मळभ आलेल्या दिवशी चालणे घरात. चक्कर आल्यास फेरी पूर्ण करू नये.’

शेवटचं वाक्य मुद्दाम घातलं आहे. आम्ही शाळेत ‘अर्धवट सोडू नये’ शिकलेल्या पिढीतली माणसं आहोत. त्या दिवशी दुसऱ्या फेरीतच मला बरं वाटत नव्हतं. पण पाच फेऱ्यांचा नेम होता आणि कागदावर दोन रेघा मारलेल्या होत्या. फेरी अर्धी सोडायची परवानगीसुद्धा आम्हाला डॉक्टरांकडूनच लागते, हे तुमच्या लक्षात यावं.

मला ठाऊक आहे, दहा मिनिटांत एक पेशंट बघायचा असतो आणि हे सगळं दर वेळी बोलणं शक्य नाही. मग छापून ठेवा. उन्हाळ्याचा एक आणि थंडीचा एक असे दोन कागद मराठीत, मोठ्या अक्षरांत. तुमच्या कंपाउंडरने ते चिठ्ठीला टाचून दिले तरी पुरे. आणि दुसरी गोष्ट. आमचं ऐकायला महापालिका बांधील नाही, पण तुमच्या संघटनांनी एकत्र येऊन सांगितलं तर ऐकावं लागतं. २०१० च्या उन्हाळ्यात अहमदाबादने माणसं गमावली आणि २०१३ साली त्या शहराने उष्णतेला तोंड देण्याचा आराखडा केला. त्यात डॉक्टर, दवाखाने, पालिका सगळे एकत्र बसले. आमच्या किनाऱ्यावरच्या गावांसाठी पाऱ्यासोबत ओलही मोजणारा असा आराखडा मागा. उद्यानं पहाटे पाचला उघडा, चालण्याच्या वाटेवर झाडं लावा, ठरावीक अंतरावर बाक, पिण्याचं पाणी आणि स्वच्छ, उघडी स्वच्छतागृहं ठेवा, हे पालिकेला तुमच्या लेटरहेडवर लिहून द्या. माझ्यासारखीने लिहिलं तर तो अर्ज होतो. तुम्ही लिहिलंत तर ती चिठ्ठी होईल, आणि चिठ्ठीचा मान या देशात अजून आहे.

वह्या तपासताना जिथे मुलाला कळलेलं असे पण त्याने पुरतं लिहिलेलं नसे, तिथे मी शेरा देत असे: ‘उत्तर बरोबर, पण अपूर्ण.’ गुण कापले तरी तो मुलगा नापास होत नसे. तुमच्या तळाच्या ओळीला माझा तोच शेरा आहे.

कळावे, लोभ असावा, ही विनंती.

आपली,
तलावपाळीवर फेऱ्या घालणारी
एक निवृत्त भूगोल शिक्षिका, ठाणे

ता. क. मोगऱ्याचा गजरा मी हल्ली रोज त्याच मावशींकडून घेते. गजरा किती ताजा आहे हे आधी बघते, आणि मग किती फेऱ्या घालायच्या ते ठरवते. तुमच्याकडून दुसरं माप मिळेपर्यंत हेच चालू ठेवणार आहे.